न फुटणाऱ्या गोळ्यात एवढं डोकं कशाला लागतं?

उचापती
गेले काही दिवस एक भलताच नाद लागलाय, जुनी पेटंटं वाचायचा. दारूगोळ्याला एफ४२बी नावाचा अख्खा वर्ग दिलाय आणि त्यातला ८ नंबरचा कप्पा फक्त सरावाच्या अम्युनिशनसाठी आहे. मी सहज उघडला आणि अडकलो. माझी आपली साधी समजूत होती की प्रॅक्टिसचा गोळा म्हणजे खऱ्या गोळ्यातली स्फोटक दारू काढायची, त्या वजनाचं काहीतरी भरायचं, वर रंग मारायचा, संपलं. पण इथे बघतो तर शेपटीला भोकं पाडलेले गोळे, टोकात रंगाची पूड भरलेले, आदळल्यावर भुगा होणाऱ्या गोळ्या, आणि एकेका पेटंटमध्ये वीस वीस दावे (म्हणजे नेमकं काय आपलं नवं ते सांगणारी कलमं). जो गोळा फुटायचाच नाहीये त्याच्यात एवढं काय शोधायचं असतं? आणि हल्ली लेझर, सिम्युलेटर सगळं असताना खरोखर काहीतरी नळीतून उडवायची गरज तरी काय? जाणकारांनी हसू नका, खरंच विचारतोय.

निवृत्त_गनर
हसत नाही, कारण बरीच वर्षं मलाही असंच वाटायचं. तुम्ही फक्त एकच गोष्ट विसरताय, चुकलेला गोळा जातो कुठे.

रणगाड्याचा चिलखत फोडणारा हल्लीचा गोळा म्हणजे एक लांब जड धातूचा बाण असतो, मागे पंख. नळीतून निघताना सेकंदाला दीड हजार मीटरच्या वर वेग असतो. मधला भाग नळीपेक्षा खूप बारीक, म्हणून भोवती एक हलकं वेष्टन असतं, त्याला सॅबो म्हणतात, ते बाहेर पडल्या पडल्या गळून जातं (सॅबो हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ लाकडी खडावासारखा बूट, पायातून निघून पडतो तसं). आता या बाणाला हवा फारशी अडवतच नाही, तसाच तो बनवलेला असतो, त्यामुळे निशाणा हुकला आणि नळी थोडी वर असली तर तो कित्येक किलोमीटर, अगदी दहाच्या पटीत, पुढे जाऊ शकतो. निशाणा असतो दोन अडीच किलोमीटरवर आणि त्याच्या मागे मोकळी जमीन लागणार तीसेक किलोमीटर, एवढी चांदमारीची जागा कोणत्याही देशाला परवडत नाही.

म्हणून सरावाच्या गोळ्याला अट अशी असते की पहिले दोन अडीच किलोमीटर तो खऱ्यासारखाच जायला पाहिजे, वेग तसा, वाट तशी, ट्रेसरचा (उडताना मागे जळत दिसणाऱ्या दारूचा) ठिपका तसा, नाहीतर गनर चुकीची सवय लावून घेईल. आणि त्याच्यापुढे गेला की मेला पाहिजे. या दोन अटी एकमेकींच्या थेट विरोधात आहेत हो. तुम्ही जे भोकं पाडलेलं शेपूट बघितलं ना ते ह्याचंच उत्तर आहे. पंखांच्या जागी एक पोकळ शंकू असतो आणि त्याला आरपार भोकं. वेग जास्त असतो तोपर्यंत हवा त्या भोकांतून सरळ निघून जाते, वेग एका मर्यादेखाली आला की तीच भोकं हवेनेच तुंबतात, हवेला शंकूच्या बाहेरून वळसा घालून जावं लागतं आणि अडथळा एकदम वाढतो. घड्याळ नाही, स्प्रिंग नाही, हलणारा एकही भाग नाही. अमेरिकेचा १२० मिमीचा एम८६५ याच जातीतला, त्याचा जास्तीत जास्त पल्ला ८ किलोमीटरच्या आत ठेवलाय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बराच वेळ गप्प बसलो होतो, भोकाला कसं कळतं आता बंद व्हायचं ते.

तिरपा_बाण
भारी. पण एक शंका, सगळंच खऱ्यासारखं ठेवायचं म्हणजे अतिरेक नाही का होत? सराव तो सराव. थोडा फरक पडला तर काय बिघडलं?

जुनाट
काय बिघडतं ते अमेरिकन नौदलाला विचारा. हे तोफगोळ्याचं नाही, टॉर्पेडोचं आहे, पण मुद्दा तोच म्हणून सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पाणबुड्यांवर मार्क १४ नावाचा टॉर्पेडो होता. युद्धाआधी सरावाला आणि चाचणीला त्याच्या पुढच्या भागात स्फोटकाऐवजी पाणी भरायचे. युक्ती चांगली होती, धाव संपली की पाणी बाहेर टाकायचं आणि टॉर्पेडो वर तरंगतो, मग उचलून परत वापरायचा, कारण एकेक नग प्रचंड महाग. पण हे पाण्याचं डोकं खऱ्या स्फोटकाच्या डोक्यापेक्षा हलकं होतं. त्यामुळे सरावात जो ठरलेल्या खोलीवर धावला असं वाटायचं तो लढाईत जड डोकं लागल्यावर खाली बुडून धावायचा. त्यात खोली मोजणारं यंत्र अशा जागी बसवलेलं की वेगाने जाताना तिथे पाण्याचा दाब कमी भरायचा, आणि वर कडी म्हणजे चाचणीत खोलीची नोंद करणाऱ्या उपकरणालाही तोच दोष. म्हणजे चुकणाराही तोच आणि चूक पकडणाराही तोच!

पाणबुडीवाले ओरडत होते की टॉर्पेडो जहाजाच्या खालून जातात, आणि कचेरीतले म्हणत होते तुमचाच नेम कच्चा. शेवटी जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ अॅडमिरल लॉकवुडने कोळ्यांचं जाळं आणवलं, पाण्यात उभं सोडलं आणि त्यातून टॉर्पेडो मारले, मग जाळ्याला भोक कुठल्या खोलीवर पडलं ते मोजलं. ठरवलेल्या खोलीपेक्षा सरासरी ११ फूट खाली. आणि या वेळी डोकं खऱ्या वजनाचं करून घेतलं होतं हे महत्त्वाचं. एवढ्या तंत्रज्ञानाला शेवटी उत्तर दिलं ते एका जाळ्याने.

बरं ते नीट केल्यावर दुसराच दोष वर आला, सरळ काटकोनात आदळला की आघाताने फुटवणारी पिनच वाकायची आणि तिरका आदळला तर मात्र फुटायचा. म्हणजे जितका नेम चांगला तितका टॉर्पेडो वाया. जुलै १९४३ मध्ये टिनोसा नावाच्या पाणबुडीने एका जपानी जहाजावर एकामागून एक मारले आणि ते नुसते आदळून पडले. तिरपा_बाण, तुमच्या नावाला शोभणारी गोष्ट आहे ही.

तिरपा_बाण
😄 नाव बदलतो.

भिंगवाला
वर प्रश्नात "रंग मारायचा, संपलं" असं लिहिलंय त्याबद्दल जरा थांबवतो कारण ही समजूत माणसं मारते. नाटोच्या पद्धतीत सरावाच्या वस्तूला निळा रंग असतो हे खरं, आणि त्यावरून लोक ठरवून टाकतात की निळं म्हणजे निरुपद्रवी. तसं नाही. निळ्यावर तपकिरी पट्टा असेल तर आत थोडी का होईना जळणारी दारू आहे, कुठे पडला ते धुराने दाखवायला. विमानातून टाकायचे छोटे सरावाचे बॉम्ब असतात ना, २५ पौंडाचे, त्यात पुढे असंच एक काडतूस असतं, आदळलं की धुराचा लोट येतो. ते उडालं नाही आणि तुम्ही उचलून हलवून बघितलं तर हात जाऊ शकतो. फायरिंग रेंजच्या आसपास काही सापडलं तर रंग कुठलाही असो, लांब राहायचं आणि कळवायचं, एवढंच.

दुसरं, तीन वेगळ्या गोष्टी लोक एकातच घालतात. डमी किंवा ड्रिल राउंड म्हणजे आत काहीच नाही, फक्त भरण्या-काढण्याच्या सवयीसाठी. ब्लँक म्हणजे दारू आहे पण पुढे गोळी नाही, नुसता आवाज. आणि प्रॅक्टिस म्हणजे खरोखर उडून जाणारा, फक्त पोहोचल्यावर नुकसान कमी करणारा. यातलं ब्लँक लोकांना सगळ्यात गरीब वाटतं. १९८४ मध्ये एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या सेटवर एका नटाने गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्वर कानशिलाला लावून दाबलं. गोळी नव्हतीच, पण नळीच्या तोंडाशी वायूचा झोतच इतका असतो की कवटीचं हाड आत गेलं. वाचला नाही.

उचापती
बापरे. निळ्याचं माहीतच नव्हतं. गनर साहेब, ते भोकांचं दोनदा वाचलं, तरी जादूच वाटते. आता रंगाच्या पुडीचं पण कोणीतरी सांगा, मी ज्याच्यावर अडकलोय तो ग्रेनेड लाँचरचा ४० मिमीचा आहे. साधी पूड भरायची त्यात पेटंट कशाचं? आणि श्रापनेल वगैरे उडतच नसेल तर तसंही धोका काय उरतो?

पेटंटकिडा
शेवटी कोणीतरी माझ्या कप्प्यात आलं! सांगतो.

४० मिमीचा अडचणीचा भाग असा की तो हळू उडतो आणि लांबून बघताना पडला कुठे ते कळतच नाही. त्यामुळे आधीच्या बऱ्याच सरावाच्या गोळ्यांत छोटा दारूचा बार असायचा, चमक आणि धूर दिसावा म्हणून. त्याचे दोन ताप. एक, वाळलेल्या गवताला आग लागते आणि सराव अर्ध्यात थांबतो. दोन, काही बार उडतच नाहीत आणि ते न फुटलेले नग जमिनीत राहतात, म्हणजे भिंगवाला म्हणतात तेच. मग कोणीतरी म्हणालं दारूच नको, नाजूक प्लॅस्टिकचं टोक करा आणि आत भगव्या-पिवळ्या रंगाची पूड, आदळलं की टोक फुटतं, पूड उडते, दिसलं. एम७८१ हा त्यातला गाजलेला. पण पूड रात्री दिसत नाही. म्हणून पुढच्यांनी जत्रेत वाकवून लावायच्या त्या चमकणाऱ्या कांड्या असतात ना, दोन द्रव मिसळले की थंड उजेड देणाऱ्या, ते द्रव टोकात वेगवेगळ्या कुप्यांत ठेवले. आता पेटंट कशाचं ते बघा, टोक उडताना होणाऱ्या धक्क्याने फुटता कामा नये पण मऊ मातीवर पडलं तरी फुटलं पाहिजे. उडतानाचा धक्का पडतानाच्या धक्क्यापेक्षा मोठा असू शकतो. मग एकाने फुटायचं नाही आणि दुसऱ्याने फुटायचंच, हे कसं जमवणार? बहुतेक दावे ह्या एका वाक्याभोवती फिरतात, कोणी टोकाच्या आतून बारीक खाचा पाडतो, कोणी कुपीला मागून टेकू देतो.

पेटंट वाचायची युक्ती सांगू का, आधी चित्रं बघू नका, दावा क्रमांक १ वाचा, मग "आधीच्या पद्धतीतल्या अडचणी" असा जो भाग असतो तो वाचा. खरं साहित्य तिथे आहे, लोक तिथे एकमेकांच्या गोळ्यांची इतकी उणीदुणी काढतात की मजा येते.

आणि श्रापनेल हा शब्द तुम्ही चुकीचा वापरलात पण सगळं जग तसाच वापरतं, त्यामुळे माफ. हेन्री श्रापनेल हा इंग्रज तोफखान्यातला अधिकारी, त्याने १७८४ च्या सुमारास स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या पैशाने पोकळ गोळ्यात बंदुकीच्या गोळ्या भरून तो हवेतच, शत्रूच्या जरा अलीकडे, उघडायची कल्पना काढली. सैन्याने ती घेतली १८०३ मध्ये. म्हणजे त्याचा गोळा हा खरं तर गोळ्या वाहून नेणारा डबा होता, आतली दारू फक्त डबा उघडण्यापुरती. आज आपण ज्याला श्रापनेल म्हणतो ते कवचाचे तुकडे, ती वेगळी गोष्ट. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्यांवर त्याच्या पद्धतीचा उपयोग कमी पडला, स्फोटक गोळे आले, गोळा गेला आणि माणसाचं नाव तुकड्यांना चिकटलं. १८१४ मध्ये सरकारने त्याला वर्षाला १२०० पौंड तनखा दिला, तीस वर्षांनी.

जुनाट
पैशाचा विषय निघाला तर मिनिए राहून कसा चालेल. आटेवाल्या (आतून पेचदार खाचा असलेल्या) नळीत गोळी घट्ट बसली पाहिजे तरच फिरकी मिळते, पण घट्ट असेल तर तोंडातून ठोकून ठोकून भरावी लागते, तेवढ्यात समोरचा येऊन पोहोचतो. १८४० च्या दशकाच्या शेवटी फ्रेंच कॅप्टन मिनिए याची गोळी आली, बुडाला पोकळ, नळीपेक्षा किंचित बारीक म्हणून सरकन आत जाते आणि बार उडाला की वायू त्या पोकळीत शिरून शिशाचा घेर फुगवतो, मग आटे पकडतात. ब्रिटिश सरकारने मिनिएला २०,००० पौंड दिले. आणि ग्रीनर नावाचा त्यांचाच एक बंदूकवाला १८३६ पासून ओरडत होता की मी हे आधीच करून दाखवलंय. त्याला १८५७ मध्ये १००० पौंड दिले, पहिली सार्वजनिक सूचना तुझी म्हणून. घरच्याची किंमत विसाव्या हिश्श्याची.

आणि १८५७ म्हटलं की आपल्याला जे आठवतं तेही याच गोळीचं लांबचं नातेवाईक आहे, १८५३ च्या एनफिल्डची गोळी, तिच्या कागदाला लावलेली चरबी. गोळी नळीत सरकावी म्हणून वंगण हवं, ही एवढीशी यांत्रिक गरज.

निवृत्त_गनर
विषय सरावावर आणतो परत, नाहीतर जुनाट राव पानिपतापर्यंत जातील.

लेझरचं विचारलं होतंत. वापरतात की, १९८० च्या आसपासपासून अमेरिकेत माइल्स नावाची पद्धत आहे, बंदुकीवर लेझर, अंगावर सेन्सर, लागलं की बीप वाजतो. लपणं, हालचाल, एकमेकांना कव्हर देणं हे शिकायला फार छान. पण लेझर सरळ जातो आणि ताबडतोब पोहोचतो. गोळा खाली पडत जातो, वाऱ्याने सरकतो, पोहोचायला वेळ घेतो, चालत्या लक्ष्याच्या पुढे किती धरायचं हा सगळा खेळ त्या वेळेतला. शिवाय एक झुडुपाचं पान लेझरला अडवतं, गोळीला नाही. आणि लोडरचं, म्हणजे तोफेत गोळा भरणाऱ्याचं काय, वजन उचलून दणक्यात, धुरात, घामात हात चालला पाहिजे, ते पडद्यावर कसं येणार. दोन्ही लागतं.

मधला मार्गही आहे, मोठ्या तोफेच्या नळीत छोटी नळी बसवायची आणि छोटी स्वस्त गोळी उडवायची. क्रू तोच, यंत्र तेच, हुकूम तेच, पल्ला आणि खर्च कमी. आमच्या वेळचे जुने लोक त्याला नाकं मुरडायचे पण हात त्यानेच बसतो.

भिंगवाला
छोट्या गोळीवरून आठवलं, खऱ्या मोठ्या गोळ्याची वाट आधी छोट्या गोळीने तपासायची हीसुद्धा एक शाखा आहे, स्पॉटिंग राउंड. एम४० नावाच्या रिकॉइललेस (उडताना मागे धक्का न देणाऱ्या) तोफेवर वर एक अर्ध्या इंचाची रायफल बसवलेली असायची, तिची गोळी लागली की चमकते आणि तिची वाट मोठ्या गोळ्याशी जुळवून घेतलेली, चमक दिसली की मोठा उडवायचा. (या तोफेला १०६ मिमी म्हणतात पण ती आहे १०५ चीच, आधीच्या एका १०५ च्या गोळ्यांशी गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम नाव बदललं. सैन्यात नामकरण असंच चालतं.)

पण जुळवणीचा हट्ट कुठवर जातो त्याचं उदाहरण डेव्ही क्रॉकेट. १९६० च्या दशकातलं अमेरिकेचं अगदी छोटं अणुअस्त्र, तिपाईवरून किंवा जीपवरून उडवायचं. सरावात अणुबॉम्ब तर उडवता येत नाही, म्हणून नेम जुळवायला २० मिमीची स्पॉटिंग गोळी केली, आणि एवढ्याशा गोळीत पुरेसं वजन बसावं म्हणून तिच्यात क्षीण युरेनियम (डिप्लिटेड युरेनियम, फार जड धातू) घातलं. खरं अस्त्र युद्धात एकदाही वापरलं गेलं नाही. सरावाच्या गोळ्या मात्र हवाईतल्या रेंजवर पडून राहिल्या आणि २००५ मध्ये साफसफाई करताना तिथे युरेनियम सापडलं. लोकांनी विचारलं हे आलं कुठून, तर उत्तर सरावातून.

उचापती
हे कहर आहे. म्हणजे खऱ्याने काहीच केलं नाही आणि खोट्याने जमीन खराब केली.

तिरपा_बाण
मी परत आलो. माझा प्रश्न जरा मूर्ख आहे, गोळा खऱ्यासारखा करण्यापेक्षा निशाणाच असा केला तर, की खरी गोळी झेलेल?

पेटंटकिडा
मूर्ख अजिबात नाही, करून झालंय! दोन्ही एकदमच केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बॉम्बर विमानातल्या गनरांना शिकवायला अमेरिकनांनी पी-६३ किंगकोब्रा या लढाऊ विमानाला जाड चिलखती पत्रा चढवला, आत सेन्सर लावले आणि त्यात जिवंत पायलट बसवून त्याच्यावर गोळ्या झाडायला लावल्या. गोळी खास, शिशाची पूड बेकेलाइटमध्ये (एक जुनं कडक प्लॅस्टिक) बांधलेली, पत्र्यावर आदळली की भुगा. लागली की पुढच्या पंख्याच्या मध्यावर, जिथून एरवी तोफ मारा करायची, तिथे दिवा लागायचा. त्यामुळे विमानाला टोपणनाव पडलं पिनबॉल. गोळी भुगा होण्यासाठी हलकी आणि संथ केलेली, त्यामुळे गनरची नेम धरायची साइट वेगळी लावावी लागायची, म्हणजे परत तीच बोंब, लागल्यावर खऱ्यापेक्षा वेगळं वागायचं ठरवलं की लागेपर्यंतही थोडं वेगळं होतंच.

त्या पायलटांना पगार किती होता ते मात्र पेटंटमध्ये लिहीत नाहीत.

जुनाट
एक उलटं उदाहरण देतो आणि झोपतो. सरावाच्या बॉम्बमध्ये स्फोटकाऐवजी काँक्रीट भरतात, वजन बरोबर जुळतं आणि स्वस्त. १९९९ मध्ये उत्तर इराकवर अमेरिकेने असले काँक्रीटचे बॉम्ब लेझर मार्गदर्शक लावून खरोखर टाकले, कारण विमानविरोधी तोफा वस्तीला खेटून ठेवलेल्या होत्या आणि स्फोटाने आजूबाजूची माणसं मेली असती. काँक्रीटचा ठोकळा फक्त ज्याच्यावर पडतो त्यालाच मोडतो. २०११ मध्ये लिबियात फ्रेंचांनीही ३०० किलोचे तसेच टाकले.

उचापती
म्हणजे शेवटी माझी पहिली समजूतच बरोबर निघाली की, दारू काढा, वजन जुळवा, रंग मारा 😄

निवृत्त_गनर
त्याला लेझरचं डोकं लावायला विसरू नका.